पंखाला विचारलेला उलटा प्रश्न

विमानात पंखाशेजारची खिडकी मिळाली, सूर्य बऱ्यापैकी डोक्यावर असला आणि विमान उंची गाठून सरळ चाललेलं असलं, तर पंखाच्या वरच्या पृष्ठभागाकडे जरा निरखून पाहा. नशिबात असेल तर पंखाच्या लांबीला धरून गेलेली एक बारीक रेघ दिसेल. ती रंगवलेली नसते आणि पत्र्याचा सांधाही नसते, कारण ती थरथरते, किंचित पुढेमागे सरकते. ती एक सावली आहे. कशाची? हवेची! खिडकीबाहेर हवेची एक भिंत उभी आहे आणि तिच्यातून जाताना ऊन वाकतं आहे.

प्रवासी विमान आवाजापेक्षा कमी वेगाने उडतं, हे आपल्याला ठाऊक असतं आणि ते खरंच आहे. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं. तिथे आवाज ताशी सुमारे १०६० किलोमीटर वेगाने जातो आणि आपलं विमान साडेआठशेच्या आसपास. पण हवेला पंखाच्या वरच्या अंगावरून जाताना घाई करावी लागते. तिथे तिचा वेग वाढत वाढत आवाजालाही मागे टाकतो. म्हणजे विमान आवाजापेक्षा हळू आणि त्याच्याच पंखावरची हवा आवाजापेक्षा जलद! पुढे या हवेला पुन्हा हळू व्हावं लागतं, पण ती सावकाश मंदावत नाही. केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरात तिचा वेग कोसळतो आणि दाब, तापमान, घनता एकदम उसळी घेतात. हाच तो आघाततरंग. भिंत म्हटलं ती हीच.

ही भिंत फुकट उभी राहत नाही. तिच्यात जी ऊर्जा वाया जाते ती इंजिनाला भरून काढावी लागते. वर ती फार जोरकस झाली तर तिच्या मागची हवा पंखाला सोडून उधळते आणि पंख हादरायला लागतो. तेव्हा पंखाला असा कोणता आकार द्यावा की ही भिंत पुसट होईल, जमलं तर नाहीशीच होईल? या प्रश्नाने विसाव्या शतकातल्या फार मोठ्या डोक्यांना झुंजवलं. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर मिळालं ते हाच प्रश्न कुणीतरी उलटा करून विचारला तेव्हा.

पण आधी सरळ प्रश्न पाहू. हवा कशी वागते, हे आपल्याला माहीत आहे का?

माहीत आहे, आणि बऱ्याच काळापासून. फ्रान्सच्या क्लोद-लुई नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये हवेपाण्याच्या वाहण्याची समीकरणं मांडली. त्यांचा अर्थ सोपा आहे. हवा आपोआप निर्माण होत नाही की नाहीशी होत नाही. तिला ढकललं की तिचा वेग बदलतो. तिच्यातली ऊर्जा इकडची तिकडे जाते, पण हिशोबातून निसटत नाही. बस्स, एवढंच. चहाच्या कपावरची वाफ, कोकणात शिरणारं वादळ आणि विमानाच्या पंखावरचा वारा हे सगळं एका पोस्टकार्डावर मावेल इतक्या गणितात बसतं.

गंमत अशी, की ही समीकरणं लिहिता येतात, सोडवता येत नाहीत. कागदावर नेमकं उत्तर निघतं ते अगदी सोप्या मोजक्या उदाहरणांत. तिन्ही मितींत त्यांना नेहमी सुरळीत उत्तर असतंच का, हेसुद्धा अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून तसंच पडून आहे.

मग विमानं बनली कशी? हवेलाच विचारून. राइट बंधूंनी १९०१ मध्ये डेटनच्या आपल्या सायकलच्या दुकानात सहा फुटांची एक लाकडी पेटी, म्हणजे विंड टनेल, बनवली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांच्या दोनशेच्या आसपास चिमुकल्या आकृत्या तिच्यात तपासल्या. त्या आकृत्यांवरचं बल मोजणारा तराजू त्यांनी करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांतून घडवला होता. हीच रीत पुढे पाऊण शतक चालली. नासाच्या लँग्ली केंद्रातले रिचर्ड व्हिटकम विंड टनेलमध्ये हातात कानस घेऊन उभे राहायचे. मॉडेल इथे घास, तिथे पुटी लाव, पुन्हा वारा सोड. असं करत करत साठच्या दशकात त्यांनी वरून चपटा आणि मागे खाली वळलेला असा एक पंख शोधला, ज्याच्यावर ती भिंत खूप दुबळी होते. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांचे पंख त्याच घराण्यातले आहेत. पण प्रत्येक माणसाच्या बोटांत व्हिटकम कुठून आणायचा? बोइंगने ७६७ विमानासाठी तब्बल ७७ पंख विंड टनेलमध्ये तपासले होते. एक पंख म्हणजे बारीक कामाचं महागडं धातूचं मॉडेल आणि महिनोन्‌महिन्यांची प्रतीक्षा.

दुसरी वाट होती आकडेमोडीची. अख्ख्या हवेचं उत्तर एकदम सापडत नाही ना? मग हवेचे तुकडे करा. पंखाभोवतीच्या जागेत एक काल्पनिक जाळी पसरा. जाळीच्या प्रत्येक घरात एक दाब, एक वेग, एक तापमान. शेजारच्या घरातून किती हवा आत आली आणि किती बाहेर गेली, एवढाच हिशोब मांडा. हा हिशोब निव्वळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचा. सगळी घरं एकदा झाली की पुन्हा पहिल्यापासून. आकडे बदलायचे थांबले की हवेने उत्तर दिलं!

सोपं वाटतं? जपानच्या मित्सुतोशी कावागुची यांनी १९५३ मध्ये एका गोल दांड्यावरून जाणाऱ्या प्रवाहाचा असा हिशोब टेबलावरच्या यांत्रिक गणनयंत्रावर केला. आठवड्याला २० तास, असे १८ महिने लागले. दीड वर्षात एकच उदाहरण! आणि उदाहरण तरी केवढं? प्रवाहाचा जोर आणि त्याचा चिकटपणा यांचं गुणोत्तर सांगणारा एक आकडा असतो, रेनॉल्ड्स अंक. कावागुचींच्या उदाहरणात तो होता ४०. म्हणजे मिलिमीटरभर जाडीच्या तारेवरून सेकंदाला साठेक सेंटिमीटर वेगाने जाणारी झुळूक. मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखासाठी हाच आकडा चार-पाच कोटींच्या घरात जातो. त्या माणसाच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

संगणक आले आणि दीड वर्षाचं काम मिनिटांवर आलं. तरी एक अडचण नुसत्या वेगाने सुटणारी नव्हती. ती होती पंखावरच्या त्या भिंतीची.

इथे थोडं थांबू, कारण गोष्ट मोठी गोड आहे. आवाजापेक्षा हळू चाललेल्या हवेत कुठेही काही झालं की त्याची खबर सगळ्या दिशांना जाते, वाऱ्याच्या विरुद्धसुद्धा, कारण खबर आवाजाच्या वेगाने जाते आणि वारा तिच्यापेक्षा हळू असतो. म्हणून पंख येऊन पोचायच्या आधीच समोरच्या हवेला त्याची चाहूल लागते आणि ती वाट द्यायला लागते. आवाजापेक्षा जलद चाललेल्या हवेत मात्र खबर मागे फिरूच शकत नाही. प्रवाहच तिला पुढे वाहून नेतो. तिथल्या हवेला पुढे काय वाढून ठेवलं आहे याचा पत्ता नसतो. आता पंखावर या दोन्ही जातींची हवा शेजारी शेजारी नांदते. एकीचं गणित एका पठडीचं, दुसरीचं दुसऱ्या, आणि दोघींची सीमा कुठे आहे तेच आधी माहीत नाही! जाळीच्या घरांना कोणता नियम लावायचा? एकच नियम सगळीकडे लावला की आकडे भडकत आणि गणित उधळून जाई.

१९७१ मध्ये बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेतले अर्ल मरमन आणि गणितज्ञ ज्युलियन कोल यांनी एक युक्ती छापली. इतकी साधी, की वाचून कपाळावर हात मारावा. प्रत्येक घरात आधी वेग पाहा. आवाजापेक्षा कमी असेल तर त्या घराने पुढच्या आणि मागच्या, दोन्ही शेजाऱ्यांचा सल्ला घ्यावा. जास्त असेल तर फक्त ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या शेजाऱ्याचा, कारण खऱ्या हवेतही दुसऱ्या बाजूची खबर येतच नाही. संगणकाला त्यांनी इतकंच सांगितलं. आघाततरंग म्हणजे काय, तो कुठे असतो, याबद्दल अवाक्षरही नाही. गणित चालू झालं आणि पंखाच्या छेदावर, खऱ्या विंड टनेलमध्ये उभी राहते जवळपास त्याच जागी, आकड्यांची एक भिंत आपोआप उभी राहिली!

कुणीही न काढता ती उगवली. मला या सगळ्या शास्त्रात याहून रोमांचक क्षण माहीत नाही.

मात्र हे होतं पंखाच्या पातळ छेदाचं, सपाट कागदावरचं गणित. खरा पंख तिरका, मागे वळलेला, टोकाकडे निमुळता. त्याला वारा येतो ती दिशाच जागोजागी बदलते. ही गाठ सोडवली अँटनी जेमसन यांनी. हा माणूसही विलक्षण. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्म, वडील लष्करात म्हणून बालपण बरंचसं भारतात, पहिली शाळा सिमल्याची. पुढे केंब्रिज. मध्येच ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघात अर्थतज्ज्ञ म्हणून नोकरी! मग नियंत्रणाच्या शास्त्रात, म्हणजे कंट्रोल थिअरीत, मुशाफिरी. मग अमेरिकेत ग्रमन या विमान कंपनीत आणि तिथून न्यूयॉर्कच्या कूरांट इन्स्टिट्यूटमध्ये. जेमसननी प्रत्येक घरातला नियम तिथल्या वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरवला. १९७५ पर्यंत त्यांचा एफएलओ-२२ हा प्रोग्रॅम तिरक्या पंखावरच्या भिंती दाखवायला लागला होता. पुढे १९८६ मध्ये त्यांनी टिमोथी बेकर आणि नायजेल वेदरिल यांच्यासह एका अख्ख्या बोइंग ७४७ भोवतीची हवा चौपृष्ठी तुकड्यांच्या जाळीत पकडली. पंख, धड, इंजिनं, शेपूट, सगळं एकत्र.

या गणिताने प्रत्यक्षातली विमानं बदलायलाही तोवर सुरुवात केली होती. बोइंग ७३७ चं इंजिन पुढून पाहिलंय कधी? त्याचं तोंड गोल नाही, खालून चपटं आहे. जुन्या ७३७ ची इंजिनं सडपातळ होती आणि थेट पंखाच्या पोटाला चिकटलेली असायची. ७३७-३०० साठी नवं इंजिन ठरलं ते बरंच जाड, आणि विमान जमिनीपासून ठेंगणं. इंजिन खाली टांगायला जागा नव्हती. पुढे सरकवून पंखाजवळ आणावं, तर इतक्या जवळ आणलं की दोघांमधली हवा बिघडून ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो असा वर्षानुवर्षांचा अनुभव. बोइंगच्या अभियंत्यांनी संगणकावर हवा बारकाईने पाहिली. तेव्हा कळलं, की जवळीक हा दोष नाहीच. पंखावरची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, ज्या रीतीने पसरलेलं असतं ती घडी इंजिनामुळे विस्कटते, हा खरा दोष. इंजिनाच्या आवरणाला असा आकार द्या की घडी विस्कटणार नाही, मग खुशाल जवळ आणा. आवरण घडवलं, इंजिनाखालची यंत्रं बाजूला नेली आणि १९८४ मध्ये विमान उडालं. विंड टनेलने ‘ड्रॅग वाढला’ एवढंच सांगितलं असतं. का वाढला, ते गणिताने दाखवलं.

पण एक गोष्ट लक्षात आली का? हे सगळे सरळ प्रश्न आहेत. आकार दिला, हवा काय करते ते सांग. उत्तर आलं, आवडलं नाही, आकार बदलला, पुन्हा विचारलं. व्हिटकमची कानस संगणकात गेली, इतकंच. पंखाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक ठिपका किंचित वर किंवा खाली सरकवता येतो. असे हजारो ठिपके. कोणता ठिपका किती हलवला तर ड्रॅग किती घटेल, हे जाणायचं तर एकेक ठिपका हलवून सगळी हवा पुन्हा सोडवावी लागेल. पाच हजार ठिपके, पाच हजार एक वेळा गणित. आणि हे झालं फक्त पहिलं पाऊल! आकार जरा बदलला की सगळं नव्याने.

जेमसन यांना इथे आपली जुनी मुशाफिरी आठवली. कंट्रोल थिअरीत विचारतात, रॉकेट अमुक ठिकाणी पोचवायचं आहे तर सुकाणू कसं फिरवू? त्यांनी म्हटलं, पंखसुद्धा सुकाणूच आहे. हवेला हवं तसं वळवायचं साधन. त्याचा आकार म्हणजे सुकाणूची स्थिती. फ्रान्सचे ऑलिव्हिए पिरोनो यांनी १९७४ मध्ये संथ प्रवाहांसाठी या दिशेने पाऊल टाकलं होतं. जेमसन यांनी १९८८ मध्ये आवाजाच्या आसपासच्या हवेसाठी, भिंतीसकट, ही वाट मोकळी केली. तिला अॅडजॉइंट पद्धत म्हणतात.

ती करते काय? गोड्या मसाल्याचं उदाहरण घेऊ. त्यात वीसेक जिन्नस पडतात. चव कशाने किती बदलते हे जाणायची एक रीत अशी, की दर वेळी एकच जिन्नस चिमूटभर वाढवायचा आणि सगळा मसाला पुन्हा भाजून कुटायचा. वीस जिन्नस, वीस वेळा कुटणं. मुरलेली सुगरण हे करत नाही. ती एकदा चाखते आणि जिभेवरच्या चवीपासून मागे जात सांगते, धणे जरा जास्त पडले, दगडफूल कमी, खोबरं आणखी भाजायला हवं होतं. एका चाखण्यात विसांचा हिशोब!

अॅडजॉइंट पद्धत अशीच शेवटापासून निघते. आधी नेहमीप्रमाणे एकदा हवा सोडवायची आणि ड्रॅग काढायचा. मग एक दुसरं समीकरण सोडवायचं, हवेच्या समीकरणाचं जुळं भावंड. त्याच्यात खबर उलटी वाहते. खऱ्या प्रवाहात ती पुढून मागे जाते, तर इथे मागून पुढे, जणू काळ उलटा फिरवून ड्रॅगला विचारायचं, तू कुठून कुठून आलास? हे समीकरण एकदा सुटलं की पंखाच्या हरेक ठिपक्यासमोर एक आकडा मिळतो, इथे इतकं खरवड, तिथे इतकं भर. पाच हजार एक गणितांऐवजी दोन. आणि ठिपके पाच हजार असोत की पाच लाख, दोनच!

वाचताना मन चरकतं ना? चरकायलाच हवं. प्रश्नांची संख्या वाढली तरी कष्ट वाढत नाहीत, असं जगात फार कमी ठिकाणी घडतं. दोन हवा सोडवा, पंख जरा घडवा, पुन्हा दोन हवा. अशा काही डझन फेऱ्यांत संगणकाच्या पडद्यावर पंख हळूहळू कूस बदलतो आणि त्याच्यावरची भिंत फिकट होत जाते. व्हिटकमच्या बोटांना जे वर्षानुवर्षांच्या सरावाने उमजलं होतं, ते आता कुणाही हुशार विद्यार्थ्याच्या हातात आलं. आणि कानावर घालायला हवी अशी आणखी एक गोष्ट. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे, तिच्या जाळ्यांना शिकवताना चूक शेवटापासून मागे पसरवत नेतात आणि कोट्यवधी आकडे एका फेरीत सुधारतात. त्या रीतीचं आणि पंख घडवणाऱ्या या रीतीचं गणिती मूळ एकच आहे.

आता हातात असं हत्यार आलं म्हटल्यावर भिंत कायमची पुसून टाकायला काय हरकत? इथे एका बाईंची आठवण काढायलाच हवी. कॅथलीन मोरावेट्झ. पुढे ज्या कूरांट इन्स्टिट्यूटच्या त्या प्रमुख झाल्या, तिथेच काम करताना पन्नासच्या दशकात त्यांनी सिद्ध केलं, की आघाततरंगाशिवायचा असा प्रवाह असू शकतो, पण तो एकाकी असतो. पंखाच्या आकाराला किंचित धक्का लागू द्या, भिंत परत आलीच. विमानाच्या जगात याचा अर्थ काय? पंखावर चिलटं मरून चिकटतात, इंधन जळून विमान हलकं होतं, वैमानिक वेग थोडा कमीजास्त करतो. ठरलेल्या एका वेगाला भिंत पुसून टाकणारा पंख त्याहून जरा हळू उडवला, तर एकाच्या जागी दोन भिंती उभ्या राहू शकतात. संगणकाला जे विचाराल तेच तो तंतोतंत देतो, त्यापलीकडे काही नाही. म्हणून आता अभियंते एकाच वेळी अनेक वेग, अनेक वजनं, अनेक उंच्या समोर ठेवून उलटा प्रश्न विचारतात आणि कुठेच अव्वल नसलेला पण सगळीकडे चांगला पंख मागतात. संगणकावर पंख घडवणं सुरू होण्याआधी सिद्ध केलेलं एक प्रमेय आजच्या विमानाचा पंख ठरवताना असं मध्ये बोलतं.

मग विंड टनेल बंद झाले का? १९७५ मध्ये नासाच्या डीन चॅपमन, हान्स मार्क आणि मेल्विन पर्टल यांनी, येत्या दहाएक वर्षांत संगणक विंड टनेलची जागा घेईल, असं भाकीत केलं होतं. ते खरं ठरलं नाही. ७६७ चे ७७ पंख तपासणाऱ्या बोइंगने ७८७ साठी ११ तपासले. खूप कमी, तरी शून्य नाही. अडलं आहे ते हवेच्या खळबळीपाशी, टर्ब्युलन्सपाशी. पंखालगतच्या काही मिलिमीटर-सेंटिमीटर जाडीच्या थरात हवा भोवऱ्यांत फुटते, भोवरे आणखी लहान भोवऱ्यांत, ते आणखी लहानांत. पूर्ण विमानाभोवतीचा प्रत्येक भोवरा पकडायचा तर जाळीत एकावर सोळा शून्यं इतकी घरं लागतील, असा अंदाज बोइंगच्या फिलिप स्पलार्ट यांनी २००० साली मांडला आणि ते साल काढलं २०८०! तोवर अभियंते भोवऱ्यांचा सरासरी परिणाम धरून चालतात. त्यासाठी स्पलार्ट यांनीच सहकारी स्टीव्हन ऑलमारस यांच्याबरोबर १९९२ मध्ये बनवलेलं मॉडेल आजही जगभर वापरात आहे. सरळ उड्डाणाला ते छान उतरतं. पण विमान उतरताना नाक वर करतं, पंखाच्या पट्ट्या खाली येतात, हवा पंखाला सोडायच्या बेतात असते, तेव्हाची भाकितं अजून डगमगतात.

आपल्याकडे ही विद्या आली ती अडचणीतून वाट काढत. या गणिताला लागणारे क्रे कंपनीचे महासंगणक अमेरिका भारताला सहजी देत नव्हती. बंगळुरूच्या एनएएल या विमानविद्येच्या प्रयोगशाळेत, संचालक रोद्दम नरसिंह यांच्या काळात, १९८६ मध्ये, प्रवाहाची समीकरणं सोडवायला म्हणून एक समांतर संगणकच घरी बनवला आणि त्याचं नाव ठेवलं फ्लोसॉल्व्हर! पुण्यात सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक आला तो १९९१ मध्ये, त्याच टंचाईच्या दिवसांत. बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. एम. देशपांडे यांनी तर विचारलं, हवा म्हणजे शेवटी धावणारे रेणूच ना, मग हिशोबाचा नियम रेणूंच्या चालीवरूनच का काढू नये? त्यातून निघालेल्या पद्धती जगाने उचलल्या. पुढे त्यांच्या गटाने जाळी बाजूला ठेवून नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांवर हवा सोडवायची रीतही काढली.

आज यातलं पुष्कळ आपल्या टेबलावर आलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेला एसयू-टू हा प्रोग्रॅम २०१२ पासून सर्वांना खुला आहे आणि अॅडजॉइंट पद्धत त्याच्यात आतच आहे. ओपनफोम हा दुसरा खुला प्रोग्रॅम, आणि तो शिकणाऱ्यांना हात द्यायला आयआयटी मुंबईचा फॉसी हा उपक्रम आहे. तुम्ही इंजिनीअरिंगला किंवा बी.एस्सी.ला असाल, किंवा घरात तसं कुणी असेल, तर एसयू-टू उतरवून घ्या. त्याच्या सुरुवातीच्या एका धड्यात नाका ००१२ हा पंखाचा जुना, साधा छेद आहे, वेग आवाजाच्या ०.८ पट. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत त्याच्यावर भिंत उभी राहील. पुढच्या धड्यांत ती घालवायची कशी तेही दिलं आहे. करून पाहा. परवाना लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.